टँकबाहेर पडलेला गोरामी: पहिल्या तासापेक्षा पुढचे पाच दिवस जपा

डिचोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. रात्री पावसात वीज गेली, ती पहाटे कधीतरी आली. सहाच्या सुमारास उठून पाहतात तर मुलाचा निळा गोरामी मासा टँकच्या स्टँडखाली फरशीवर पडलेला. अंगाला केर चिकटलेला, मुंग्या लागायला सुरुवात झालेली. बादलीत सोडल्यावर आधी आडवा पडला, मग थोड्या वेळाने कल्ले हलू लागले. आता तळाशी कोपऱ्यात बसून आहे, एक डोळा पांढुरका दिसतो, शेपटीची कड फाटली आहे. दुकानदाराने निळे औषध आणि कॅप्सूल दिली आहे, शेजारच्या काकी पाण्यात हळद टाका म्हणतात. काय करावे?

ताई, निळे औषध, कॅप्सूल आणि हळद ही तिन्ही सध्या बाजूला ठेवा आणि आधी बादलीतले पाणी कमी करा. गोरामीला कल्ल्यांबरोबरच पृष्ठभागावर येऊन तोंडाने हवा घ्यावी लागते. त्याच्या कल्ल्यांच्या वरच्या पोकळीत घड्या पडलेला, रक्ताने भरलेला एक अवयव असतो. त्याला लॅबिरिंथ म्हणतात. त्याच्यामुळेच तुमचा मासा फरशीवर तग धरू शकला. पण याच अवयवामुळे अशक्त गोरामी खोल पाण्यात गुदमरतो, कारण वरपर्यंत पोहण्याची ताकद त्याच्यात उरलेली नसते. उंच, अरुंद बादलीऐवजी रुंद टब घ्या आणि पाणी वीतभरापेक्षा कमी, १२ ते १५ सेंटीमीटर ठेवा. तळाशी बसलेल्या माशाने जरा शेपूट हलवली तरी तोंड पाण्याबाहेर यायला हवे. टबावर झाकण किंवा जाळी हवीच. एकदा उडी मारलेला मासा घाबरलेला असतो, तो पुन्हा उडी मारतो.

जुलैतली दमट हवाही तुमच्या मदतीला आली. मार्च महिन्यात, पंख्याखालच्या कोरड्या फरशीवर एवढा वेळ गेला असता तर चित्र वेगळे असते. किती वेळ बाहेर होता हे आता कळणार नाही, आणि त्याचा हिशेब करत बसायची गरजही नाही. मासा किती ओला राहिला आणि कल्ले किती सुकले यावर सगळे असते.

पाण्याबाहेर माशाच्या शरीराचे काय होते ते समजले की पुढचे उपचार आपोआप समजतात. कल्ल्यांच्या पातळ पाकळ्या पाण्यातच मोकळ्या राहतात. रंगाचा ओला ब्रश पाण्यातून वर काढला की केस एकमेकांना चिकटतात, तसेच त्यांचे होते. आजूबाजूला हवा भरपूर, पण ती घेणारा पृष्ठभागच मिटलेला. पाण्यात परतल्यावर पाकळ्या पुन्हा सुट्या होतात, मात्र ज्या सुकल्या त्यांना इजा झालेली असते. पहिले काही दिवस श्वास जलद राहतो तो यामुळे.

दुसरे नुकसान डोळ्यांना नीट दिसत नाही, पण मासे दगावतात ते जास्त करून त्याने. माशाच्या अंगावर बुळबुळीत थर असतो. तो फरशीला लागून पुसला जातो, काही खवले निघतात. हा थर म्हणजे त्याची जंतूंविरुद्धची पहिली भिंत, आणि अंगातले मीठ-पाणी सांभाळण्यातही त्याचा वाटा असतो. गोड्या पाण्यातल्या माशाच्या रक्तात लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम मीठ असते, बाहेरच्या पाण्यात जवळजवळ नसतेच. त्यामुळे बाहेरचे पाणी सतत अंगात शिरू पाहते आणि अंगातले मीठ बाहेर जाऊ पाहते. निरोगी मासा ते पाणी लघवीवाटे टाकत राहतो आणि कल्ल्यांतून मीठ परत ओढून घेतो. थर गेलेला, कल्ले दुखावलेला मासा हेच काम दुप्पट कष्टाने करतो. म्हणूनच पहिल्या दिवशी सुधारल्यासारखा दिसणारा मासा तिसऱ्या दिवशी मान टाकतो, आणि घरचे म्हणतात, ‘काल तर बरा होता!’

या दुखण्यावर खरा उपयोग मिठाचा. टबात १५ लिटर पाणी असेल तर ३० ग्रॅम मीठ, म्हणजे लिटरमागे २ ग्रॅम, गोरामीला निर्धास्त चालते. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजून घ्या. चमच्याचा अंदाज खड्याच्या आणि बारीक मिठात वेगवेगळा येतो. सगळे एकदम टाकू नका. अर्धे टबातल्याच पाण्यात विरघळवून आता घाला, उरलेले चार-पाच तासांनी. कोरडे खडे माशाजवळ पडता कामा नयेत. आयोडीनयुक्त मीठ चालेल का असे बरेच जण विचारतात. चालते, त्यातले आयोडीन इतके अल्प असते की काही बिघडत नाही. घरात पेडण्याकडच्या आगराचे खडेमीठ असेल तर तेही उत्तम, फक्त त्यात चिखलाचा अंश असतो. पाण्यात विरघळवून, जरा स्थिर होऊ देऊन, फडक्यातून गाळून घ्या. वनस्पती असलेल्या मुख्य टँकमध्ये मात्र हा प्रयोग नको, मिठाचा उपचार टबातच.

आता मुंग्या आणि केर. अंगाला चिकटलेला केर बोटाने किंवा कापडाने पुसू नका. उरलासुरला थरही त्याबरोबर निघतो. पाण्यात तो सैल होऊन स्वतःच सुटतो, बहुतेक वेळा दुसऱ्या दिवसापर्यंत. मुंगी किंवा केस कल्ल्याच्या झाकणाखाली अडकला असेल तरच हात लावायचा. हात ओले करा, मासा पाण्याखालीच हलकेच धरा आणि बोथट चिमट्याने दिसणारे टोक ओढा. ते एकदा जमले नाही तर सोडून द्या. डोळ्याजवळ मुंगी चावलेली असेल तर तिथे बारीक लाल ठिपका दिसेल. तो स्वच्छ पाण्यात बसतो.

पांढुरका डोळा पाहून घाबरू नका. बाहेर राहिल्याने बुबुळावरचा पडदा सुकून असे होते. पाणी स्वच्छ राहिले तर साधारण आठवड्याभरात तो निवळतो. डोळा बाहेर येऊ लागला, फुगला, किंवा त्यावर कापसासारखे काही उगवले, तर मात्र ते वेगळे दुखणे. मासा जरा तिरका झाल्यावर त्याचा डोळा खोबणीत फिरून सरळ राहू पाहतो का, हेही बघा. तसा फिरत असेल तर मेंदू आणि तोल सांभाळणारी यंत्रणा काम करते आहे, आणि मला अशा माशाबद्दल नेहमी चांगली आशा वाटते.

पहिले चोवीस तास खायला काही देऊ नका. मुलाला वाईट वाटेल, पण उपाशी मासा एका दिवसात मरत नाही, आणि न खाल्लेले दाणे कुजून त्या छोट्या टबात अमोनिया मात्र नक्की वाढतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन-तीन दाणे टाकून पाहा. पाच मिनिटांत उचलले नाहीत तर काढून टाका. टबावर एका बाजूने काळे किंवा जाड कापड टाका म्हणजे अर्धा भाग अंधारा राहील. टब टीव्हीपासून, मिक्सरपासून आणि जिथून सारखी ये-जा असते तिथून दूर हवा. दर तासाला झाकण उघडून पाहणे हाही त्याला त्रासच आहे. मुलाला सकाळ-संध्याकाळ एकेकदा पाहू द्या, वहीत श्वासांची नोंद करू द्या. एका मिनिटात कल्ल्याची झाकणे किती वेळा उघडतात ते मोजायचे. आकडा रोज थोडा उतरत गेला की समजावे, कल्ले भरून येत आहेत.

एअर स्टोन लावा, पण बुडबुडे अगदी हलके. गोरामी संथ पाण्यातला मासा आहे, जोराच्या प्रवाहात त्याची उरलेली ताकद तोल सांभाळण्यातच जाते. टबात फिल्टर नसल्यामुळे रोज एक तृतीयांश पाणी बदलावे लागेल, आणि नव्या पाण्यातही त्याच प्रमाणात मीठ हवे. पाच लिटर बदलले तर १० ग्रॅम. तळाची घाण नळीने ओढून घ्या. नवे पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेले, टबाइतक्याच तापमानाचे असावे. नळाला पावसाळ्यात कधी कधी क्लोरीनचा वास जास्त येतो. उघड्या बादलीत एअर स्टोन लावून २४ तास ठेवले तर साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानात मिळणारे अँटी-क्लोरीनचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, पाकिटावर लिहिलेल्या मापाने वापरा. दुखावलेल्या कल्ल्यांवर क्लोरीन पडले तर आधीची सगळी मेहनत वाया जाते. मी अनेक मासे उडीतून वाचून अशा ‘ताज्या’ पाण्याने गेलेले पाहिले आहेत, म्हणून हे एवढे लांबवून सांगतो आहे.

आता औषधांबद्दल. हळद घरातल्या जखमेवर आपण विश्वासाने लावतो, पण ती पाण्यात विरघळत नाही. तिचे कण तरंगत राहतात आणि आधीच सुजलेल्या कल्ल्यांत जाऊन बसतात. काकींना प्रेमाने नाही म्हणा. कॅप्सूलही नको. ती बहुधा टेट्रासायक्लिनची असेल. जिवाणूंचा संसर्ग दिसत नसताना प्रतिजैविक पाण्यात टाकून काहीच साधत नाही, आणि ते पाणी मुख्य टँकमध्ये गेले तर फिल्टरमधले उपयोगी, विषारी अमोनिया संपवणारे जिवाणूही मरू शकतात. निळे औषध, म्हणजे मेथिलिन ब्लू, वाईट नाही. पण त्याची वेळ अजून आलेली नाही.

ती वेळ कशी ओळखायची? दुसऱ्या ते पाचव्या दिवसापर्यंत रोज टॉर्चच्या उजेडात, बाजूने प्रकाश टाकून, शेपटीची कड आणि खवले निघालेल्या जागा पाहा. फाटलेल्या कडेवर काचेसारखी पारदर्शक झालर दिसली तर ती नवी वाढ, आनंदाची गोष्ट. त्याच जागी पांढरे-करडे, कापसाच्या धाग्यांसारखे, पाण्यात हलणारे काही उगवले तर ती बुरशी. तेव्हा मेथिलिन ब्लू टबात घाला. बाटल्यांतल्या औषधाची तीव्रता सारखी नसते, त्यामुळे आपल्या बाटलीवरचेच माप घ्या. पाण्याचा रंग फिकट आकाशी असावा, मासा स्पष्ट दिसायला हवा. दोन-तीन दिवस, रोजच्या पाणीबदलाबरोबर नव्या पाण्यापुरतेच औषध पुन्हा. हे औषध मुख्य टँकमध्ये ओतू नका. फिल्टरचे जिवाणू त्याने मरतात, सिलिकॉनचे सांधे कायमचे निळे होतात.

एक दुखणे मात्र बुरशीसारखे दिसून फसवते. पाठीवर, परांच्या मुळाशी खोगिरासारखा पसरलेला, चपटा, करडा-पांढरा डाग, कडेला पिवळसर छटा, आणि तो सकाळी होता त्यापेक्षा संध्याकाळी मोठा. हे कॉलम्नॅरिस, जिवाणूंचे काम. आपल्याकडच्या कोमट पाण्यात ते झपाट्याने पसरते. तसे दिसले तर थांबू नका. स्वच्छ फोटो काढा आणि माशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्यांना दाखवून, त्यांच्या सल्ल्यानेच प्रतिजैविक द्या. तोपर्यंत पाणी जास्त वेळा बदला आणि तो टब, ती नळी, ते जाळे दुसऱ्या कुठल्याही टँकला लावू नका.

तुमच्या जागी दुसरा मासा असता तर दोन गोष्टी बदलल्या असत्या, म्हणून इतरांसाठी थोडक्यात सांगतो. टेट्रा, बार्ब, डॅनिओ, एंजल यांना लॅबिरिंथ नसतो. त्यांना उथळ पाण्यापेक्षा जास्त एअर लागते, आणि बाहेरचे काही मिनिटेही जड जातात. कोरीडोरास आणि लोच यांना मीठ सोसत नाही, लिटरमागे अर्धा-एक ग्रॅमच्या पुढे जाऊ नका. फायटर मात्र गोरामीचाच भाऊबंद, त्याला वरचे सगळे तसेच लागू. आणि कुठल्याही माशाला शेपटीला धरून पाण्यात मागेपुढे घासू नका. पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांवाटे बाहेर पडायचे असते. मासा मागे ओढला की ते उलटे शिरते आणि नाजूक पाकळ्या दुमडतात. मासा निपचित असेल तर ओल्या तळहातावर सरळ धरून तोंड एअर स्टोनच्या हलक्या प्रवाहाकडे ठेवा, तेवढे पुरे.

आता तो मुद्दा, जो विचारलेला नाही पण ज्यावाचून तुमचा मासा आठवड्याभरात पुन्हा फरशीवर दिसेल. त्याने उडी का मारली?

तुमच्या वर्णनावरून माझा पहिला संशय वीज परत येण्यावर आहे. रात्री वीज गेली तेव्हा खोलीचे किंवा टँकचे बटण चालूच राहिले असणार. पहाटे अंधारात शांत पडलेल्या माशावर एकदम लख्ख उजेड पडला, फिल्टर घरघरत सुरू झाला. अशा दचकण्यात गोरामी सरळ वर उडतो. वीज गेली की झोपण्यापूर्वी टँकच्या दिव्याचे बटण बंद करायची सवय घरातल्या सगळ्यांनी लावून घ्या. डबाबंद कॅनिस्टर फिल्टर असेल तर आणखी एक काळजी: कित्येक तास बंद राहिला की आतल्या पाण्यातला प्राणवायू संपतो, जिवाणू मरतात, आणि वीज आल्यावर तेच सडके पाणी टँकमध्ये परत येते. एवढ्या वेळाने सुरू करायचा तर आधी आतले पाणी ओतून द्या, स्पंज टँकच्याच पाण्यात हलकेच खंगाळा. आपल्या पावसाळ्यात बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप प्रत्येक टँकवाल्याकडे असावा, असे माझे ठाम मत आहे.

दुसरे कारण पाण्यात असू शकते. मासा टबात आहे तोवर मुख्य टँकचे पाणी तपासा. अमोनिया आणि त्यापासून होणारे नायट्राइट दोन्ही शून्य हवेत. पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल आहे ते सांगणारा आकडा, तोही बघा, विशेषतः तुम्ही विहिरीचे पाणी वापरत असाल तर. जांभ्या दगडातल्या विहिरींचे पाणी सौम्य आणि आम्लतेकडे झुकणारे असते, त्यात पीएच धरून ठेवणारे क्षार कमी. नव्याने भरलेल्या टँकमध्ये पीएच छान दिसतो आणि काही आठवड्यांनी घसरतो, मग फिल्टरचे जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साचू लागतो. यावर माझा आवडता उपाय घरातच असतो: तिसऱ्यांच्या शिंपल्या. मांस पूर्ण काढून, उकळून, उन्हात खडखडीत वाळवून मूठभर शिंपल्या जाळीच्या पिशवीत घालून फिल्टरजवळ ठेवा. त्यातला कॅल्शियम कार्बोनेट आम्ल पाण्यात हळूहळू विरघळतो आणि पीएच सावरतो. आधी अमोनिया मात्र पाणी बदलून शून्यावर आणा, कारण पीएच वाढला की तोच अमोनिया जास्त विषारी होतो. सोडा वगैरे टाकून पीएच एका दिवसात वर खेचू नका, तो धक्का माशाला जास्त बाधतो.

तिसरे कारण सोबती. टँकमध्ये दोन गोरामी असतील तर त्यांचे पाठीवरचे पर पाहा. नराचा पर मागे लांब आणि टोकदार असतो, मादीचा आखूड आणि गोलसर. लहान टँकमध्ये दोन नर असले की एक राजा होतो आणि दुसऱ्याला पळायला वरची दिशाच उरते. अशा वेळी एकाला दुसरे घर शोधून द्या. मात्र ते घर म्हणजे जवळचा व्हाळ किंवा नदी नव्हे. हा मासा आग्नेय आशियातला आहे, आपल्या पाण्यात त्याला सोडणे इथल्या माशांवर अन्याय आहे.

आणि पावसाचाही हात असतो, असे मला वाटते. पहिल्या पावसात शेतात, व्हाळात चढणीचे मासे उड्या मारत वर जातात हे आपण लहानपणापासून पाहतो. टँकमधले काही मासेही थंड, ताजे पाणी मिळाले की विणीच्या हालचाली करू लागतात. सह्याद्रीच्या ओढ्यांतला मलबार डॅनिओ ज्यांनी पाळला आहे, त्यांना तो पावसाळ्यात किती उसळतो ते विचारा.

मासा टबात व्यवस्थित खाऊ लागला, पर उघडे ठेवून मधल्या पाण्यात फिरू लागला, जखमांवर पांढरे काही नाही, श्वास टँकमधल्या दुसऱ्या गोरामीइतका संथ झाला, की परत न्यायची तयारी करा. बहुतेकदा आठ-दहा दिवस लागतात. शेवटचे तीन दिवस बदलायच्या पाण्यात मीठ घालू नका, म्हणजे खारेपणा आपोआप उतरेल. मग संध्याकाळी, टँकचा दिवा बंद करून, टबात थोडे थोडे टँकचे पाणी मिसळत अर्धा-पाऊण तास काढा आणि वाडग्याने सोडा. जाळ्याने नको, नवा थर पुन्हा घासला जाईल. त्याआधी टँकमधली झाडे, दगड थोडे हलवून ठेवले तर जुन्या माशांच्या हद्दी मोडतात आणि याला जागा मिळते.

उलटही घडू शकते, तेही सांगायला हवे. चार-पाच दिवसांनंतरही शेपूट मुळीच हलत नसेल, मासा सतत पाठीवर उलटत असेल, तर पाठीच्या कण्याला मार बसलेला असतो. आठवडाभर काही न खाता तो असाच राहिला तर त्याला रेंगाळत ठेवू नका. लवंग तेलाचे लिटरमागे दहा थेंब छोट्या बाटलीतल्या कोमट पाण्यात जोरात हलवून टबाच्या थोड्या पाण्यात मिसळा. मासा झोपी जातो. कल्ले थांबल्यानंतरही अर्धा तास त्यातच राहू द्या. हे मुलाला न लपवता सांगा, तो समजून घेईल.

राहिले झाकण. काच किंवा अ‍ॅक्रिलिकचे घ्या, वायरसाठी कोपरा कापलेला असतो तिथे स्पंजचा तुकडा बसवा, कारण मासा नेमका तेवढ्याच फटीतून निसटतो. मच्छरदाणीची जाळी चौकटीत ताणून बसवली तरी चालते, पण गोरामीला पाण्यावर ऊबदार, दमट हवा लागते, म्हणून मला काचच बरी वाटते. पाणी कडेपासून पाच-सहा सेंटीमीटर खाली ठेवा. वर थोडे सालविनिया किंवा जलकोबी तरंगू दिले तर मासे वरून येणाऱ्या सावल्यांना दचकत नाहीत, फक्त अर्धा पृष्ठभाग मोकळा राहू द्या, त्याला हवा घ्यायची असते. चवथीला मूळ घरी जाणार असाल तर त्याआधी झाकण बसवून झालेले असू दे. तेव्हा घर चार-पाच दिवस बंद असते, वीज येत-जात राहते आणि फरशीवर पडलेला मासा उचलायला कोणी नसते.